लिनक्सवरचा रनटाइम फ्रीबीएसडीवर नेताना: आधी उसनवारीची यादी करा

प्रश्न निपाणीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी सी मध्ये एक छोटी भाषा तयार केली. बाइटकोड, व्हर्च्युअल मशीन, गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग), हलके थ्रेड आणि थोडासा जेआयटी (चालतानाच बाइटकोडचा यंत्रकोड करणारा भाग). उबुंटूवर सगळं चालतं. गाइड म्हणाले, हेच फ्रीबीएसडीवर चालवून दाखवा. कंपाइल करायला घेतलं तर दीडशे एरर आल्या. सुरुवात कुठून करायची? किती दिवस धरायचे? पुढं ओपनबीएसडी आणि विंडोजवरही न्यायचं मनात आहे."

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी म्हणजे लिनक्ससारख्याच, पण बीएसडी घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिम. दीडशे एररची काळजी सोडा, त्या दोन-तीन दिवसांत संपतील. हेडर फाइल वेगळी, फंक्शनचं नाव वेगळं, एखादा फ्लॅग नाही, असलं सगळं कंपाइलर बोट दाखवून सांगतो. जिथं तो गप्प बसतो, कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि अर्थ मात्र बदललेला असतो, त्या जागा शोधण्यात पोर्टिंगचा खरा वेळ जातो.

मी बेळगावात उद्यमबागेत काम करतो. फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या यंत्रांकडून आकडे गोळा करणारी एक छोटी स्क्रिप्ट भाषा आमच्याकडं आहे. तिचा रनटाइम (भाषेतले प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारा भाग) मी आधी लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर आणि नंतर विंडोजवर नेला. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली. कुठलाही रनटाइम ज्या सिस्टिमवर वाढतो, तिच्याकडून शेकडो गोष्टी उसन्या घेतो आणि कुठंही लिहून ठेवत नाही. घर बदलायची वेळ आली की ती उसनवारी वर येते. म्हणून पहिलं काम फ्रीबीएसडीवर करायचंच नाही. ते तुमच्या उबुंटूवरच बसून करायचं: आपण काय काय उसनं घेतलंय त्याची यादी.

आकड्यांपासून सुरू करा. कोडमध्ये कुठंही सिस्टिमचा आकडा थेट लिहिला असेल तर तो शोधा. लिनक्सवर (एक्स८६ प्रोसेसर धरून चाला) एरर क्रमांक ११ म्हणजे ई-अगेन, "आत्ता काही नाही, थोड्या वेळानं परत विचारा". आणि ३५ म्हणजे ई-डेडलॉक, "दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेत". बीएसडी घराण्यात हे दोन्ही नेमके उलटे आहेत: ११ म्हणजे डेडलॉक आणि ३५ म्हणजे परत विचारा. आमच्या रनटाइममध्ये एरर संदेशांचा तक्ता कुणीतरी लिनक्स बघून हातानं लिहिला होता. फ्रीबीएसडीवर पहिल्यांदा सॉकेट (नेटवर्कची जोडणी) वाचलं तेव्हा पडद्यावर आलं, "डेडलॉक झाला आहे". मी दोन दिवस लॉक तपासत बसलो. एकेक म्युटेक्स कागदावर काढला, कोण कुणाची वाट बघतंय त्याचे बाण काढले. डेडलॉक नव्हताच. सॉकेट एवढंच सांगत होतं की अजून डेटा आलेला नाही.

सिग्नलचंही (सिस्टिम चालत्या प्रोग्रॅमला देते त्या सूचनांचंही) तेच. लिनक्सवर १० म्हणजे यूझर-वन, बीएसडीवर १० म्हणजे बस एरर. लिनक्सवर १७ म्हणजे "पोर प्रोसेस संपली", बीएसडीवर १७ म्हणजे "थांब". फाइल नसलेली मेमरी मागायचा एम-मॅपचा फ्लॅग लिनक्सवर ३२ आहे, फ्रीबीएसडीवर ४०९६. नावं वापरलीत तर हेडर फाइल योग्य आकडा घालते, आकडे लिहिलेत तर कोणीच वाचवत नाही.

स्ट्रक्चरची मांडणीही अशीच फसवते. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. कोगनोळीच्या अलीकडं शेताचा कागद म्हणजे पहाणी, पलीकडं कागलात सातबारा. बोलताना दोन्हीला आपण उताराच म्हणतो, पण रकाने वेगळे. सातबाऱ्याच्या सवयीनं पहाणी वाचली तर पिकाच्या जागी भलतंच वाचाल. सॉकेटच्या पत्त्याचं स्ट्रक्चर तसंच आहे: लिनक्सवर पहिल्या दोन बाइटमध्ये पत्त्याचा प्रकार असतो, बीएसडीवर पहिल्या बाइटमध्ये लांबी आणि दुसऱ्यात प्रकार. बाइट मोजून हातानं भरलेला पत्ता तिकडं चालत नाही.

आता सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडं (सिस्टिमच्या गाभ्याकडं) केलेली मागणी. हलक्या थ्रेडसाठी तुम्ही असेंब्ली लिहिली असणार आणि त्यातच कुठंतरी थेट सिस्टिम कॉलही केला असेल, असा माझा अंदाज आहे. तो काढून टाका. लिनक्सचा कर्नल आपल्या सिस्टिम कॉलचे क्रमांक आणि वागणं जपतो, म्हणून तिथं हे चालून जातं. बाकीच्या बहुतेक सिस्टिमांमध्ये सी लायब्ररी हाच पुढचा दरवाजा असतो, आत काय चाललंय ते बदलायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो. गो भाषेनं हे सोसलंय. मॅकओएसवर ती थेट सिस्टिम कॉल करायची. २०१६ मध्ये मॅकओएसची सिएरा आवृत्ती आली, वेळ विचारणाऱ्या कॉलचं वागणं बदललं आणि गोमध्ये बांधलेले जुने प्रोग्रॅम कोसळायला लागले. २०१९ च्या गो १.१२ पासून मॅकवर ती सिस्टिमच्या लायब्ररीमधून जाते, आणि २०२१ च्या गो १.१६ पासून ओपनबीएसडीवरही. ओपनबीएसडीनं तर २०२४ च्या ७.५ आवृत्तीत क्रमांक देऊन कुठलाही सिस्टिम कॉल करायची सोयच काढून टाकली.

शिवाय उत्तर परत यायची पद्धतही वेगळी. लिनक्सवर कॉल फसला की रजिस्टरमध्ये ऋण आकडा येतो. फ्रीबीएसडीवर कॅरी फ्लॅग (प्रोसेसरमधली एक खूण) लागतो आणि रजिस्टरमध्ये एरर धन आकड्यात येते. समजा, नसलेली फाइल उघडायला गेलात. "अशी फाइल नाही" या एररचा क्रमांक दोन्हीकडं २. लिनक्सची असेंब्ली तशीच नेली असेल तर कॅरी फ्लॅगकडं कोणी बघत नाही, २ हा धन आकडा दिसतो आणि तुमचा रनटाइम समजतो की फाइल उघडली, तिचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) २. पण २ म्हणजे स्टँडर्ड एरर. मग फाइलमध्ये जायचा मजकूर टर्मिनलवर सांडतो आणि कुठं चुकलं ते तासन्‌तास कळत नाही. सी लायब्ररीमधून गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

यादी झाली की कोड वेगळा करा, तोही उबुंटूवरच. जावाच्या हॉटस्पॉट या रनटाइममध्ये यासाठी तीन फोल्डर आहेत: एक ऑपरेटिंग सिस्टिमचा, एक प्रोसेसरचा आणि तिसरा जिथं दोघांचा संबंध येतो तिथला. मला ही मांडणी फार पटते. स्टॅक (चालू फंक्शनांची मेमरी) बदलणारी असेंब्ली प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये, मेमरी मागणं सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, आणि सिग्नल आला तेव्हा इन्स्ट्रक्शन पॉइंटर (प्रोसेसर कोडमध्ये कुठं होता ते सांगणारा पत्ता) कुठल्या खान्यात आहे ते तिसऱ्या फोल्डरमध्ये, कारण तो खाना लिनक्स, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी तिघांत वेगवेगळ्या नावानं असतो. कोडभर "लिनक्स असेल तर" अशा अटी पेरू नका. मेमरी राखून ठेवणं, वापरात घेणं, परत करणं, थ्रेड सुरू करणं, झोपवणं, उठवणं, घड्याळ वाचणं, एवढ्यांची पंचवीस-तीस फंक्शनं करा आणि बाकीच्या रनटाइमला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसू देऊ नका. हे झाल्यावर उबुंटूवरच्या सगळ्या टेस्ट पुन्हा पास झाल्या पाहिजेत. तोवर फ्रीबीएसडी सुरूही करू नका.

मधला एक स्वस्त टप्पा आहे, तो चुकवू नका: अल्पाइन लिनक्स. कर्नल तोच, पण सी लायब्ररी ग्लिबसीऐवजी मसल. तिथं नव्या थ्रेडला आपोआप मिळणारा स्टॅक १२८ केबी असतो. उबुंटूवर तो सहसा ८ एमबी मिळतो. तुमचा गार्बेज कलेक्टर स्वतःलाच परत परत बोलावत वापरातल्या मेमरीवर खुणा करत जात असेल, तर लांब लिंक्ड लिस्टवर तो अल्पाइनमध्ये कोसळेल. कोसळू दे. म्हणजे स्टॅक भरपूर मिळतो हीसुद्धा उसनवारीच होती हे कळलं. स्टॅकचा आकार स्वतः सांगा, किंवा खुणा करायचं काम वेगळ्या यादीवर न्या. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते सांगतो, कारण तुमच्या कोडमध्येही ते असायची शक्यता मोठी आहे.

आमचा रनटाइम फ्रीबीएसडीवर चालू लागला, टेस्ट पास झाल्या. एका फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाच्या नोंदी घ्यायला लावला. पहिले काही दिवस छान. मग रात्रपाळीत कधीतरी कोसळायचा, कधी चाळीस मिनिटांनी, कधी पाच तासांनी. कोर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) घरी आणून डीबगरमध्ये उघडली. नुकताच तयार झालेला एक ॲरे, दहा खाने, कोणीही अजून काही भरलेलं नाही, म्हणजे दहाही शून्य हवेत. नऊ शून्य होते. चौथ्या खान्यात एक मोठा आकडा होता आणि कलेक्टर त्याला पॉइंटर समजून तिकडं धावला होता. तो आकडा मी बाइट-बाइट करून वाचला. ती अक्षरं निघाली. आदल्या पाळीतल्या साच्याच्या क्रमांकाचा तुकडा होता तो, पाच तासांपूर्वी मोकळ्या केलेल्या स्ट्रिंगचा.

कारण असं. कलेक्टर मेमरीची रिकामी पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) सिस्टिमला परत देताना मॅडव्हाइज हा कॉल "डोन्ट नीड" सूचनेनं करायचा. लिनक्सवर फाइल नसलेल्या खासगी मेमरीवर ही सूचना दिली की पानं खरोखरच जातात आणि पुन्हा हात लावला की शून्यांनी भरलेलं कोरं पान मिळतं. आमच्या कोडनं तेच गृहीत धरलं होतं: परत दिलेलं पान पुन्हा घेताना पुसायची गरज नाही. फ्रीबीएसडीवर त्याच नावाच्या सूचनेचा अर्थ "हे सध्या लागणार नाही" एवढाच. मेमरीची चणचण नसेल तर मजकूर तसाच राहतो. नाव, फंक्शन, वाक्यरचना सारखी, त्यामुळं कंपाइलरला बोलायचं कारण नव्हतं. आणि हीप (रनटाइमनं घेतलेली मेमरी) एकदा फुगून परत आकसल्याशिवाय हा रस्ताच चालू होत नव्हता, म्हणून टेस्टमध्ये कधी दिसलं नाही. दुरुस्ती चार ओळींची होती: पान पुन्हा वापरात घेताना त्याच पत्त्यावर नवं मॅपिंग करायचं. त्या चार ओळींपर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर त्या फाउंड्रीतल्या रात्रपाळीच्या माणसांनी तापमान हातानं वहीत लिहिलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही हे उबुंटूवरच एका तासात पकडू शकता. डीबग बिल्डमध्ये, पान "परत दिलं" असं म्हणायच्या जागी ते परत देऊच नका. त्यात मुद्दाम कचरा भरा, एकच विचित्र बाइट सगळीकडं. जिथं जिथं रनटाइम कोऱ्या पानावर विसंबून आहे तिथं तो लगेच पडेल. आणि कलेक्टर प्रत्येक ॲलोकेशनला चालवणारा एक मोड ठेवा. फार हळू चालतो, पण पोर्टिंगमध्ये याच्याएवढं उपयोगी हत्यार मला दुसरं मिळालेलं नाही.

इव्हेंट लूप, म्हणजे कुठल्या सॉकेटवर काय आलं ते बघत राहणारा भाग, त्या मानानं सोपा. लिनक्सवर ई-पोल, फ्रीबीएसडीवर के-क्यू (तो तिथं २००० मध्ये, ई-पोलच्या आधीच आला). मला के-क्यूची रचना जास्त आवडते. टायमर, सिग्नल, प्रोसेस संपणं, सगळं एकाच रांगेत येतं. एक खोच लक्षात ठेवा: फोर्क केल्यावर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) ई-पोलचा डिस्क्रिप्टर पोर प्रोसेसकडं जातो, के-क्यूची रांग जात नाही. पोर प्रोसेसमध्ये नवी रांग तयार करावी लागते.

मेमरीच्या पानाचा आकार ४०९६ असा कुठं लिहिला असेल तर तोही सिस्टिमला विचारून घ्या. ॲपलच्या एम-वन प्रोसेसरपासून मॅकवर ते १६ केबी आहे. स्टॅक संपल्याचं ओळखायला राखीव पान ठेवलं असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट आणि बस एरर दोन्ही सिग्नल पकडा.

एका गोष्टीवर मात्र जरा थांबतो, कारण ती आपल्या भाषेची आहे आणि बाहेरचा कोणी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या टेस्टमध्ये मराठी आणि कन्नड नावांच्या फाइल घाला. आमच्याकडं एकदा उसाच्या नोंदींची "शेतकऱ्यांची यादी" नावाची फाइल मॅकवरून आली. फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होती, प्रोग्रॅम म्हणत होता अशी फाइल नाही. कारण ऱ. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच अक्षर म्हणून, क्रमांक ०९३१, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, मिळून सहा बाइट. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेनं ठेवायची. लिनक्स आणि फ्रीबीएसडीला नाव म्हणजे नुसते बाइट, त्यामुळं त्यांच्या लेखी ही दोन वेगळी नावं. कन्नडमध्येही हेच. गोकाक हे गावाचं नाव कन्नडमध्ये लिहिलं तर गो मधली दीर्घ ओ ची मात्रा एका खुणेत येते किंवा तीन सुट्या खुणांत. आणि मराठीत तिसरी भानगड आहे: काही कीबोर्ड "ऱ्य" लिहिताना ऱ वापरतच नाहीत, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालतात. दिसायला सारखंच, पण नॉर्मलायझेशन (युनिकोडच्या नियमानं एका रूपात आणणं) केलं तरी हे पहिल्या दोघांशी जुळत नाही.

यावर माझं मत असं: फाइलची नावं रनटाइमनं बदलू नयेत, सिस्टिमनं दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवावेत. पण भाषेतली व्हेरिएबलची नावं मात्र वाचतानाच एका रूपात आणावीत. पायथॉन ३ तसंच करतो. नाहीतर एकाच फाइलमध्ये "दुसऱ्या" नावाची दोन वेगळी व्हेरिएबल तयार होतील आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला वेड लागायची वेळ येईल.

आता जेआयटी. फ्रीबीएसडीच्या पोर्टमध्ये तो सुरुवातीला बंद ठेवा. कंपाइल करतानाच बंद करता येईल असा फ्लॅग ठेवा. ओपनबीएसडीवर जायचं मनात असेल तर त्याची रचनाच बदलावी लागेल. २०१६ च्या ६.० आवृत्तीपासून तिथं एकच मेमरी लिहिण्याजोगी आणि चालवण्याजोगी अशी दोन्ही ठेवू देत नाहीत. वेगळी परवानगी दिलेल्या फाइल सिस्टिमवरून, तशी खूण असलेला प्रोग्रॅम चालवला तरच सूट. आधी लिहा, मग परवानगी बदलून चालवा, अशी शिस्त लावून घ्या. ती सगळीकडं उपयोगी पडते. हलक्या थ्रेडनाही तिथं धक्का बसेल. २०१८ च्या ६.४ पासून स्टॅक पॉइंटर हा खास स्टॅक म्हणून मागितलेल्या मेमरीतच असावा लागतो. मॅलॉकनं (सी च्या नेहमीच्या मेमरी मागायच्या फंक्शननं) घेतलेल्या तुकड्यावर थ्रेड चालवलात तर तो सिस्टिम कॉल करायला गेला की कर्नल प्रोसेस मारून टाकतो. एम-मॅप करताना स्टॅकचा फ्लॅग दिला की काम होतं. म्हणून माझा सल्ला, फ्रीबीएसडीनंतर ओपनबीएसडी नक्की करा. तो कडक आहे, पण तिथं पडलेल्या प्रत्येक चुकीनं माझा लिनक्सवरचा कोडही सुधारला.

विंडोज या प्रोजेक्टमध्ये धरू नका. तिथं फोर्क नाही, ६४ बिटवरही सी मधला लाँग चारच बाइटचा असतो, फाइलचे मार्ग यूटीएफ-१६ मध्ये, आणि सिग्नलऐवजी वेगळीच यंत्रणा. मोठा फरक इव्हेंट लूपचा. ई-पोल आणि के-क्यू "आता वाचता येईल" असं सांगतात. विंडोजची कम्प्लीशन पोर्ट "वाचून झालं" असं सांगते. लूप उलटा करून लिहावा लागतो. नोड (जावास्क्रिप्टचा एक रनटाइम) विंडोजवर नेताना २०११ मध्ये त्यासाठी लिबयूव्ही ही वेगळी लायब्ररी तयार झाली, यावरून काम केवढं असेल ते समजा.

दिवसांचं विचाराल तर, माझ्या अनुभवानं, तिघं मिळून रोज दोन-तीन तास देणार असाल तर उसनवारीची यादी आणि कोड वेगळा करणं यात तीन आठवडे. अल्पाइन एक आठवडा. फ्रीबीएसडीवर एका थ्रेडचा इंटरप्रिटर पहिली ओळ छापायला त्यानंतर चार दिवस, आणि सगळ्या टेस्ट पास व्हायला महिना. थ्रेड आणि कलेक्टर एकत्र चालवून रात्रभर ताण द्यायचा, त्याला आणखी महिना. व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्या भाषेच्या नव्हे, उबुंटूतच फ्रीबीएसडी चालवणाऱ्या) सुरुवात करा, पण शेवटचा महिना खऱ्या यंत्रावर काढा, जुना लॅपटॉप चालेल.

आणि तिघांपैकी एकजण आत्ताच ठरवा जो प्रोजेक्ट जमा झाल्यावरही हे पोर्ट सांभाळेल. गो भाषेत नवं पोर्ट घ्यायचं तर किमान दोन माणसं जबाबदारी घेणारी आणि प्रत्येक बदल तपासणारं एक यंत्र लागतं, नाहीतर घेत नाहीत. हा नियम मला योग्य वाटतो, कारण न तपासलेलं पोर्ट हळूहळू कुजतं आणि वापरणाऱ्याला ते तेव्हाच कळतं जेव्हा त्याला त्याची गरज असते.

अडलात तर उद्यमबागेत या, शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. येताना उसनवारीची यादी आणि अल्पाइनवरच्या टेस्टचा निकाल घेऊन या. मॅडव्हाइज कुठं कुठं वापरलंय त्या फाइल आपण आधी उघडू.